विरार-वसईला नवीन राहायला आलात? आधी हे वाचा, मग खोकी उघडा

मी 2011 ला लालबागच्या चाळीतून विरारला आलो तेव्हा आईला वाटलेलं आपण गुजरातलाच चाललोय. आता चौदा-पंधरा वर्षं झाली, माझं बघून ऑफिसातले, मित्रांतले सात-आठ जण इकडे आले आणि प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. एक कबुली आधीच देतो, पहिली दोन वर्षं मी इथे फक्त गाड्यांचं टाईमटेबल पाठ केलं, 5.52 कुठली, 6.08 कुठली, समुद्र घरापासून रिक्षाने वीस-पंचवीस मिनिटांवर होता आणि मी तो बघितलाच नव्हता. तुम्ही तसं करू नका एवढंच म्हणणं आहे. कसं करायचं ते क्रमाने सांगतो.

पायरी 1 : कुठे आलोय ते समजून घ्या

मुंबईकडून खाडी ओलांडली की नायगाव, वसई रोड, नालासोपारा, विरार अशी चार स्टेशनं. ही सगळी मिळून एक महापालिका, ती झाली 2009 मध्ये, त्याआधी चार वेगळ्या नगरपालिका आणि आजूबाजूची गावं होती, म्हणून आजही माणूस "मी वसई-विरारचा" म्हणत नाही, "मी सोपाऱ्याचा", "मी आगाशीचा" असंच म्हणतो. जिल्हा पालघर, तो 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे जुन्या कागदांवर जिल्हा ठाणे दिसला तर घाबरू नका, पण नवीन आधारचा पत्ता टाकताना तालुका वसई, जिल्हा पालघर असंच टाका.

आणि वसई रोड स्टेशन म्हणजे वसई गाव नव्हे. गाव, तहसील, किल्ला हे सगळं स्टेशनपासून पश्चिमेला आत आहे, रिक्षा किंवा बसने जावं लागतं. तहसीलमध्ये काम आहे म्हणून स्टेशनला उतरून चालत निघालेले लोक मी पाहिलेत, त्यात मी पण होतो.

पायरी 2 : घर घेताना किंवा भाड्याने बघताना

ईस्ट-वेस्टचा फरक मुंबईत असतो तसा इथे नाही. वेस्टला स्टेशनजवळ बिल्डिंगा, मग थोडं पुढे गेलं की एकदम वाड्या, विहिरी, चर्च, देवळं, तळी आणि शेवटी समुद्र. ईस्टला दाट वस्ती, वालीव-गोखिवऱ्याकडे इंडस्ट्रियल गाळे, मग हायवे आणि मागे तुंगारेश्वरचा डोंगर. ईस्टला भाडं कमी, हायवेवर काम असेल तर ईस्टच बरं. नुसतं रेट बघून उडी मारू नका.

कागद नीट बघा. सीसी म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी, ओसी म्हणजे राहायला जायची परवानगी, सातबारा, बिल्डिंग कुठल्या जागेवर उभी आहे, सगळं विचारा, लाजू नका. नालासोपारा पूर्वेला आरक्षित जागेवर उभ्या राहिलेल्या 41 इमारती कोर्टाच्या आदेशाने पाडाव्या लागल्या, अगदी अलीकडची गोष्ट आहे, त्यातली माणसं पण तुमच्या-माझ्यासारखीच आयुष्यभराचे पैसे टाकून आलेली. एजंट "सगळं क्लिअर आहे" म्हणतो तेव्हा त्याला फक्त ओसीची कॉपी व्हॉट्सअपवर टाकायला सांगा, पुढचं सगळं आपोआप कळतं.

मग दोन प्रश्न, हे एजंटला नाही तर खालच्या किराणावाल्याला किंवा वॉचमन काकांना विचारायचे. एक, पाणी किती दिवसांनी आणि किती वाजता येतं, महिन्याला टँकर किती लागतात. सूर्या धरणाचं पाणी वाढल्यापासून बरंच सुधारलंय पण सगळीकडे सारखं नाही, एका गल्लीत भरपूर आणि पलीकडच्या गल्लीत टँकर असंही आहे. दोन, जुलैत इथे पाणी कुठपर्यंत येतं. 2018 च्या जुलैत रुळांवर एवढं पाणी होतं की लांब पल्ल्याच्या गाड्या वाटेत अडकल्या, माणसांना बोटीने बाहेर काढायची वेळ आली, आणि वसईतली मिठागरातली वस्ती तर चारी बाजूंनी पाण्यात. त्यामुळे तळमजल्याचा फ्लॅट स्वस्त का मिळतोय ते आपण विचारलंच पाहिजे. आमच्या सोसायटीत स्कूटर पार्किंगच्या खांबावर पावसाच्या पाण्याची रेघ अजून दिसते, मी नवीन माणसाला आधी ती दाखवतो.

पायरी 3 : गाडी

विरारची पहिली लोकल 12 एप्रिल 1867 ची, मुंबईतल्या तेव्हाच्या बॅकबे स्टेशनपर्यंत जायची, म्हणजे दीडशे वर्षांचा अनुभव आहे, तरी रोज सकाळी असं वाटतं की गर्दीचा प्रश्न आजच सुरू झालाय. काही नियम आहेत ते कुठे लिहिलेले नाहीत.

विरारहून बसून जायचं असेल तर थोडं लवकर या आणि विरारहून सुटणारी गाडी धरा, डहाणूवरून येणारी भरून येते. नालासोपाऱ्याची माणसं उलटी विरारपर्यंत येऊन त्याच गाडीत बसून परत जातात, त्यावरून रोज वादावादी होते, तुम्ही त्यात पडू नका. पासमध्ये तेवढं अंतर बसत असेल तर ते बरोबरच आहेत, बसत नसेल तर टीसी बघून घेईल. संध्याकाळी विरार फास्टमध्ये अंधेरी-बोरिवलीचा माणूस चढला की दारातली मंडळी त्याच्याकडे कशी बघतात ते एकदा बघाच, आणि म्हणूनच आपण कधी बोरिवलीला उतरणार असू तर विरार गाडीत चढायचं नाही, बोरिवली गाडी पकडायची. लेडीज स्पेशल 1992 ला बोरिवलीपर्यंत सुरू झाली आणि नंतर विरारपर्यंत आली, माझी बायको त्या गाडीच्या ग्रुपमधूनच इथली झाली, तिच्या भाज्या तिथे निवडून व्हायच्या, हळदीकुंकू तिथे, भिशी तिथे. मला इथे मित्र मिळायला चार वर्षं लागली, तिला चार आठवडे.

एक अगदी मनापासून, नायगाव आणि भाईंदरच्या मध्ये खाडीवरचा पूल लागतो, मध्ये पाणजू बेट. पुलावरून गाडीतून निर्माल्याच्या पिशव्या, नारळ खाडीत फेकायची लोकांना सवय आहे. पाणजूची माणसं त्या पुलाच्या कडेने चालत असतात आणि धावत्या गाडीतून सुटलेला नारळ म्हणजे तोफगोळाच. फेकू नका, शेजारचा फेकत असेल तर हात धरा.

गाडीला पर्याय म्हणाल तर फेब्रुवारी 2024 पासून वसई-भाईंदर रो-रो बोट चालू आहे, बाईक आणि कार घेऊन जाता येते. रस्त्याने हायवेवरून घोडबंदरचा वळसा घालून जायचं म्हणजे तास-दीड तास, तीच खाडी बोटीने पंधरा-वीस मिनिटांत. घाईत नसाल तरी एकदा जाऊन या, वारा मस्त असतो.

पायरी 4 : आधीपासून राहणाऱ्यांशी ओळख करा

हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. आपण बिल्डिंगवाले नवीन, इथली मूळ माणसं वेगळी आहेत. वाडवळ, कोळी, आगरी, भंडारी, सामवेदी ब्राह्मण, आदिवासी आणि ख्रिस्ती, त्यातले कुपारी. कुपारी लोकांच्या घरात कादोडी बोलतात, ती मराठीचीच बोली पण कानाला पहिल्यांदा लागत नाही, आजीबाई लाल लुगड्यात दिसतात, आणि चर्चमध्ये मिसा, म्हणजे प्रार्थना, मराठीत चालते. मी पहिल्यांदा एका ख्रिस्ती काकांशी इंग्लिशमध्ये बोलायला गेलो तर ते म्हणाले, "अहो मराठीत बोला की, तुम्ही कुठले?" पार लाजलो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो इथलेच, 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, आणि वसईतली हिरवळ वाचवायच्या लढ्यातही पुढे असलेले.

तर बाजार. भाजी, केळी, फुलं मॉलमधून घेऊ नका, सकाळी वाडीवाल्या मावशी रस्त्याच्या कडेला बसतात त्यांच्याकडून घ्या. इथला सोनचाफा पहाटेच्या गाडीने दादरला जातो आणि दुपटीने विकला जातो, आपल्याला दारात मिळतो. आणि घासाघीस बेतानेच, दोन रुपयांसाठी तोंड वाजवलं की त्या मावशी पुढच्या वेळी ओळख दाखवत नाहीत, अनुभव आहे.

मासे घ्यायला कोळणीकडेच जा आणि एकच कोळीण धरा. दर आठवड्याला बदलत बसलात तर कोणीच चांगलं देणार नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्या दिवसांत "ताजा पापलेट" म्हणून जो मिळतो तो बर्फातला, मी त्या दोन महिन्यांत सुके बोंबील, सुकट, जवळा यावर भागवतो. नारळी पौर्णिमा झाली की बोटी जोरात लागतात.

पायरी 5 : भरती-ओहोटी शिका

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. मला हे आमच्या कोळीण मावशीनेच शिकवलं. मी एका रविवारी विचारलं की मावशी आज एवढी उशिरा का, तर म्हणाली पाणी नव्हतं ना, बोट कशी लागणार. मग तिने हिशोब सांगितला. कॅलेंडरवर तिथी बघायची, तिला पाऊणपट करायचं, म्हणजे तीनने गुणून चारने भागायचं, जो आकडा येईल त्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमी म्हणजे आठ त्रिक चोवीस भागिले चार, सहा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती, मधे बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा, म्हणजे सव्वाअकरा, थोडं पुढेमागे. वद्य पक्षात पण प्रतिपदेपासून पुन्हा एक. मोबाईलवर अ‍ॅप आहेत, पण हे डोक्यात असलं की कॅलेंडरकडे नुसती नजर टाकून रविवार ठरतो.

का लागतं हे? कारण इथले किनारे सपाट आहेत. ओहोटीला पाणी एवढं मागे जातं की माणूस चालत चालत पुढे जातो, आणि भरती वळली की पाणी फिरून पाठीमागच्या खोलगट भागातून आधी भरतं. शिवाय लोकांना वाळूवर गाडी घालायची भारी हौस. माझ्या एका मित्राच्या भावाने राजोडीला नवी कोरी गाडी वाळूत नेली, फोटो काढले, चाक रुतलं, तिथी होती त्रयोदशी आणि वेळ होती साडेआठची, तिथी पाऊणपट केली की पावणेदहाला पूर्ण भरती, कळायचं ते कळलं. शेवटी गावातल्या पोरांनी ट्रॅक्टर आणला, दोर बांधला, गाडी निघाली पण आतला सगळा कार्पेट खाऱ्या पाण्याचा.

पायरी 6 : रविवार

पहिला रविवार वसईच्या किल्ल्याला द्या. वसई रोडहून बस किंवा रिक्षाने पारनाका, तिथून पुढे किल्ला. पाण्याची बाटली, टोपी आणि चांगले बूट, चपला नकोत, झाडीत साप असतात. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात छान, सगळं हिरवं आणि ऊन बेताचं. सकाळी सात-साडेसातला पोचा, अकरानंतर आत भाजून निघतो.

हा डोंगरी किल्ला नाही, तटबंदीच्या आतलं अख्खं शहरच आहे. 1534 च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि त्यांनी दोनशे वर्षं इथे राज्य केलं, चर्चं, कॉलेज, हॉस्पिटल, वाडे, सगळं बांधलं. आता भिंती उभ्या आहेत, छपरं गेली, आणि भिंतीतून वडाची मुळं. फ्रान्सिस्कन चर्चमध्ये जमिनीकडे बघत चाला, पायाखाली पोर्तुगीज लेख कोरलेले थडग्यांचे दगड आहेत, लोक त्यावर बसून वडापाव खातात. सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्याला आत गोल जिना आहे, उघडा असला तर जपून जा. दर्या दरवाजा शेवटी ठेवा, तिथून बाहेर पडलं की एकदम कोळ्यांच्या बोटी आणि बांबूवर वाळत घातलेले बोंबील, वास येतो, त्याला काय करणार.

1739 च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला, काही महिन्यांचा वेढा, सुरुंग लावून बुरुज उडवले आणि शेवटी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. आत चिमाजी आप्पांचं स्मारक आहे, नागेश्वराचं देऊळ आहे. चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या, त्यातली एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, एक भीमाशंकरला, तिकडे गेलात तर वर बघा. आणि संत गोन्सालो गार्सिया इथलाच, वसईत जन्मलेला, 1597 ला जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला, त्याच्या नावाचं चर्च किल्ल्यातच आहे आणि आजही तिथे प्रार्थना होते. वसईचा तह म्हणून शाळेत जो पाठ केला, 31 डिसेंबर 1802 चा, दुसऱ्या बाजीरावाचा, तोही इथलाच. विजय आणि शरणागती, दोन्ही एकाच गावात, मधे फक्त त्रेसष्ट वर्षं.

दुसरा रविवार सोपारा. नालासोपारा म्हटलं की लोक नाक मुरडतात, त्यांना सांगा की हे शूर्पारक आहे, मुंबई सात बेटांवर विखुरलेली होती तेव्हा हे बंदर बाहेरच्या देशांशी व्यापार करत होतं. पश्चिमेला बुरुड राजाचा कोट म्हणून एक टेकाड होतं, 1882 ला भगवानलाल इंद्रजींनी खणलं तर आत विटांचा स्तूप, त्याच्या पोटात दगडी करंडक आणि त्यात एकात एक ठेवलेल्या डब्या. त्या वस्तू आता मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहेत. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा पण याच गावात सापडला, नवव्याचा 1956 ला भुईगावच्या किनाऱ्याजवळ. इथे भपका काही नाही, साधी बाग आणि विटांचा ढीग, मुलं क्रिकेट खेळतात, पण अर्धा तास शांत बसा. मग चक्रेश्वर तळ्यावर जा, देवळात जुनी ब्रह्मदेवाची मूर्ती आहे, अशी मूर्ती रोज बघायला मिळत नाही.

डोंगरावरच्या जीवदानी देवीला तुम्ही जाणारच, विरारला राहून गेलं नाही असं होत नाही. तेराशेच्या वर पायऱ्या आहेत, रोपवे पण आहे. रविवार आणि नवरात्र टाळा, मधल्या वारी पहाटे जा, वरून पूर्ण विरार आणि मागे समुद्राची रेघ दिसते.

अर्नाळ्याला जायचं तर अर्नाळा गाव वेगळं आणि अर्नाळा किल्ला वेगळा, किल्ला बेटावर. होडीने दहा मिनिटं, ही होडी म्हणजे बेटावरच्या कोळी लोकांची रोजची एसटी आहे, शाळेतली पोरं, पाण्याचे कॅन, गॅस सिलिंडर, सगळं त्यातूनच जातं, त्यामुळे आधी त्यांना चढू द्या. गुडघाभर पाण्यातून चढावं-उतरावं लागतं, जीन्स घालून जाऊ नका. किल्ला मराठ्यांनी 1737 ला पोर्तुगीजांकडून घेतला. परतीची शेवटची होडी किती वाजता ते जातानाच नावाड्याला विचारून घ्या.

तुंगारेश्वर, चिंचोटीचा धबधबा, हे पावसाळ्यातलं आकर्षण. तुंगारेश्वर अभयारण्य आहे, देवळापर्यंतचा रस्ता सुंदर, ओढे ओलांडत जायचं. चिंचोटीबद्दल मात्र माझं मत स्पष्ट आहे, जाऊ नका. दर पावसाळ्यात तिथे पोरं बुडतात, म्हणून बंदीचे आदेश निघतात, आणि तरी लोक मागच्या वाटेने जातात. डोह वरून साधा दिसतो, खाली काय आहे कळत नाही.

किनाऱ्यांपैकी सुरुची, रानगाव, भुईगाव, कळंब, राजोडी असे बरेच आहेत. कळंबला रिसॉर्टची गर्दी, शांतता हवी तर भुईगाव, सुरूची झाडं आहेत, संध्याकाळी फक्त गावातली माणसं. पोहायला यातला एकही चांगला नाही, पाणी गढूळ आणि ओढ आहे, पाय भिजवा, बास.

पायरी 7 : खाणं

आगाशीचं भुजिंग. कोळशावर भाजलेलं चिकन, त्यात पोहे, बटाटा, मसाला, सगळं एकत्र परतलेलं. पहिल्यांदा ऐकलं की वाटतं चिकनमध्ये पोहे काय, खाल्लं की गप्प. संध्याकाळी मिळतं, गरम खा, घरी नेऊन मायक्रोवेव्ह केलेलं भुजिंग म्हणजे त्या कोंबडीचा अपमान.

सुकेळी हिवाळ्यात-उन्हाळ्यात शोधा. राजेळी केळी पिकवून, सोलून, बरेच दिवस उन्हात वाळवतात आणि केळीच्याच सुक्या पानात बांधतात, मधासारखी लागते. करणारी घरं कमी होत चाललीत कारण मेहनत भयंकर, ढग आले की उचला, ऊन आलं की पसरा, त्यामुळे महाग वाटली तरी घ्या. निर्मळच्या यात्रेत, कार्तिक वद्य एकादशीला भरते, मी तिथूनच घेतो. एप्रिल-मेत ताडगोळे, सोलून देतात पण सालीसकट मागा, जास्त टिकतात. नाताळात कोणी ख्रिस्ती शेजाऱ्याने घरी बोलावलं तर नाही म्हणू नका, फुगे म्हणजे तळलेले पिठाचे गोळे आणि इंद्याळ म्हणजे मसालेदार मांस मिळेल, आणि गावागावात केलेले गोठे, म्हणजे येशूजन्माचे देखावे, बघत रात्री फिरा, नंदाखाल, गास, निर्मळच्या बाजूला.

आणि अर्नाळ्याहून परत येताना भूक लागली असेल तर आगाशी वाटेतच आहे. रिक्षावाल्याला आधीच सांगा की मधे दहा मिनिटं थांबायचंय, नाहीतर तो सरळ स्टेशनला आणून सोडतो.